वाळूतून वाहणारे पाणी : हेन्री डार्सी

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात तीन मडक्यांची एक आकृती असायची. एकावर एक ठेवलेली मडकी, वरच्यात गढूळ पाणी, मधल्यात वाळू आणि कोळसा, खालच्यात निवळशंख पाणी. आपण सर्वांनी ती वहीत काढलेली आहे, आणि बहुतेकांनी मधले मडके जरा वाकडेच काढले असेल. पण त्या वाळूतून पाणी किती वेगाने खाली उतरते, वाळूचा थर दुप्पट जाड केला तर काय होईल, वरच्या मडक्यात पाणी अधिक भरले तर काय होईल, हे प्रश्न आपल्यापैकी कोणी गुरुजींना विचारल्याचे आठवत नाही. हजारो वर्षे माणूस वाळूतून पाणी गाळीत होता. तरी या साध्या प्रश्नाचे आकड्यांत उत्तर द्यायला 1855 साल उजाडावे लागले. उत्तर देणारा माणूस प्राध्यापक नव्हता. तो फ्रान्स देशाच्या सरकारी बांधकाम खात्यातील एक इंजिनियर होता, प्रकृतीने खचलेला होता, आणि त्याच्या आयुष्याची दोन-सव्वादोन वर्षेच उरली होती. आज जगातील प्रत्येक भूशास्त्र विभागात, जेथे वाळूच्या खडकातून पाणी, तेल वा वायू कसा वाहतो याचा अभ्यास चालतो तेथे, या माणसाचे नाव रोज घेतले जाते. त्याचे नाव हेन्री डार्सी.

मी कलाशाखेचा विद्यार्थी. गणिताशी माझे फारसे सख्य नाही. भूगोलाच्या तासाला भूजलाचा धडा चालू असताना हे नाव प्रथम कानावर पडले. नियम फळ्यावर आला, पुसला गेला. माणूस मात्र मनात राहिला, म्हणून हा लेख.

डार्सीचा जन्म 10 जून 1803 रोजी फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातील दिजाँ या गावी झाला. वडील करवसुली खात्यात नोकरीला होते. हेन्री चौदा वर्षांचा असताना ते वारले. घरात विधवा आई आणि दोन मुलगे. पैशाची चणचण होती, परंतु मुलांनी शिकलेच पाहिजे यावर ती माउली ठाम होती. कर्ज काढून तिने शिकवणीची सोय केली आणि नगरपालिकेची शिष्यवृत्तीही मिळवली. 1821 साली हेन्री पॅरिसच्या एकोल पॉलितेक्निकमध्ये दाखल झाला आणि दोन वर्षांनी पूल व रस्ते खात्याच्या सुप्रसिद्ध विद्यालयात. 1826 साली तो इंजिनियर होऊन बाहेर पडला, आणि थोड्याच काळात त्याची नेमणूक त्याच्या जन्मगावीच झाली. आपल्याकडे सरकारी नोकरीत अशी नेमणूक मिळवण्यासाठी लोक काय काय खटपटी करतात ते सर्वश्रुत आहे. डार्सीला ती मिळाली आणि तिचे त्याने जे केले ते पाहण्यासारखे आहे. 1828 साली त्याने हेन्रिएट कॅरी या इंग्रज कुळातील मुलीशी विवाह केला. त्यांना मूल झाले नाही.

त्या काळचे दिजाँ म्हणजे देखणी देवळे, जुने वाडे, उत्तम द्राक्षमद्य आणि अतिशय घाणेरडे पाणी. स्युझाँ नावाची एक लहानशी नदी गावाच्या पोटातून वाहत असे. पण नदी हे नावापुरतेच, प्रत्यक्षात ती उघडी गटारगंगा होती. विहिरी उथळ होत्या आणि गावाची घाण जमिनीतून पाझरून त्यांत उतरत होती. श्रीमंतांना लांबून पाणी आणवणे परवडे. गरिबांनी त्याच विहिरीचे प्यावे आणि आजारी पडावे. गावाने 1830 च्या सुमारास एक खोल कूपनलिका खणून पाहिली. पाणी लागले, लोक आनंदले. डार्सीने तिची कसून मोजणी केली आणि हे पाणी गावाला पुरणारे नाही असा कौल दिला. आनंदावर विरजण घालणारा अधिकारी कोणालाच आवडत नसतो. परंतु तो नुसता नाही म्हणून थांबला नाही. 1834 साली त्याने स्वतःचा आराखडा पुढे ठेवला.

गावापासून काही कोसांवर, स्युझाँच्याच खोऱ्यात वरच्या अंगाला, रोझ्वार नावाचा एक मोठा झरा आहे. मिनिटाला सुमारे 8 घनमीटर स्वच्छ पाणी तो देई. झरा गावापेक्षा उंचावर. तेव्हा पंप नको, वाफेचे यंत्र नको, कोळसा नको. नुसत्या उताराच्या बळावर पाणी गावात आणायचे. 12.7 किलोमीटर लांबीचा दगडी बांधणीचा झाकलेला पाट, शेवटी गावाच्या वेशीजवळ एक मोठे भूमिगत टाके, आणि तेथून गल्लोगल्ली लोखंडी नळ. मंजुरी, जमिनीचे वाद, सरकारी शिक्कामोर्तब यांत काही वर्षे गेलीच (हा भाग कोणत्याही देशात बदलत नाही असे दिसते), पण 1839 च्या वसंतात काम सुरू झाले आणि 6 सप्टेंबर 1840 रोजी रोझ्वारचे पाणी दिजाँच्या टाक्यात येऊन पडले. दीड वर्षात! 1844 पर्यंत गावात सुमारे 28 किलोमीटर नळ टाकून झाले आणि रस्त्यांवर साधारण शंभर-शंभर मीटरांच्या अंतराने सार्वजनिक तोट्या उभ्या राहिल्या. तेथे कोणीही यावे, घडा भरावा आणि जावे. पैसे द्यायचे नाहीत. गरिबाला पाणी फुकट आणि घराजवळ मिळाले पाहिजे, हे डार्सीचे मत होते आणि ते त्याने आपल्या ग्रंथात स्पष्ट मांडले आहे. पॅरिससारख्या राजधानीतही त्या वेळी बहुसंख्य लोक विकतचे पाणी पीत होते, हे ध्यानात घेतले म्हणजे एका प्रांतिक गावाने काय मिळवले हे कळते.

या कामाबद्दल नियमाप्रमाणे त्याला फार मोठी रक्कम मिळायची होती. ती त्याने घेतली नाही. गावाने सुवर्णपदक दिले ते घेतले, आणि हयातभर आपल्या घरी पाणी विनामूल्य मिळावे एवढी सवलत घेतली. ज्या माणसाने सबंध गावाला पाणी पाजले त्याने मोबदला म्हणून स्वतःच्या घरचे पाणी घ्यावे, यात मला तरी एक प्रकारचा मिश्किलपणा दिसतो. 1842 साली राजा लुई फिलिप याच्या सरकारने त्याला लीजन ऑफ ऑनर हा बहुमान दिला.

पुढे पॅरिस ते लिऑं हा लोहमार्ग दिजाँवरून जावा म्हणूनही तो झटला. मधली डोंगराची रांग आडवी येत होती. ब्लेझी येथे चार किलोमीटरांहून लांब बोगदा खणून ती पार करता येईल हे त्याने अभ्यासाने दाखवून दिले, आणि अखेर रेल्वे तेथूनच गेली. दिजाँच्या पुढील भरभराटीला हा बोगदाही कारण झाला.

मग 1848 साल आले. फेब्रुवारीत पॅरिसमध्ये क्रांती झाली, राजा पळाला, प्रजासत्ताक आले. नव्या सरकारचे अधिकारी प्रांतोप्रांती दाखल झाले. डार्सीला राजकारणात रस होता असे दिसत नाही. पण गावात त्याच्या शब्दाला वजन होते आणि जुन्या राजवटीचा बहुमान त्याच्या छातीवर होता. एवढे कारण पुरेसे झाले. नव्या सत्तेला तो अडचणीचा वाटला आणि त्याला दिजाँतून हलवून बूर्ज या गावी कालव्याच्या कामावर पाठवण्यात आले. गावकऱ्यांनी निषेध केला, त्याचा उपयोग झाला नाही. ज्या गावाच्या रस्त्याखालचा प्रत्येक नळ त्याच्या देखरेखीखाली टाकला गेला होता, ते गाव चाळिशीच्या मध्यावर त्याला सोडावे लागले. क्रांती कोणाकोणाला उखडते याची यादी इतिहासाच्या पुस्तकात नसते. नव्या राजवटीला त्याचा अपराध असा काही सापडला नव्हता, आणि काही महिन्यांतच सरकारला त्याची गरज पडली. त्याला पॅरिसला बोलावून राजधानीच्या पाण्याची आणि रस्त्यांची जबाबदारी देण्यात आली. 1850 साली तो खात्याचा महानिरीक्षक झाला.

पॅरिसमध्ये त्याने नळातून वाहणाऱ्या पाण्यावर प्रयोग केले. जुन्या गंजलेल्या नळातून पाणी कमी का येते, हा तसा प्रत्येक गृहिणीचा प्रश्न. त्या काळची पुस्तकातील सूत्रे नळाच्या आतल्या खडबडीतपणाकडे दुर्लक्षच करीत. डार्सीने लोखंडाचे, शिशाचे, काचेचे, नवे आणि जुने असे निरनिराळे नळ घेऊन मोजमापे केली आणि आतल्या पृष्ठभागाचा परिणाम आकड्यांत दाखवून दिला. हे काम 1857 मध्ये ग्रंथरूपाने आले. वाहत्या पाण्याचा वेग मोजणाऱ्या पिटोच्या नळीतही त्याने महत्त्वाच्या सुधारणा केल्या. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना या गोष्टी ठाऊक असतीलच. आपण पुढे जाऊ.

याच वर्षांत त्याची प्रकृती ढासळत गेली. 1855 साली त्याने कामातून मुक्तता मागितली आणि तो दिजाँला परत आला. वय बावन्न. विश्रांती घ्यायला आलेल्या माणसाने काय करावे? त्याने दिजाँच्या इस्पितळाच्या आवारात एक उभा लोखंडी नळ बसवला.

या नळाविषयी थोडे सविस्तर सांगितलेच पाहिजे, कारण सगळी कथा येथे येऊन पोचते. डार्सी त्या सुमारास दिजाँच्या पाणीपुरवठ्यावरचा आपला मोठा ग्रंथ पुरा करीत होता. दुसऱ्या गावांना उपयोगी पडावा असा त्याचा हेतू. पण दुसऱ्या गावांजवळ रोझ्वारसारखा झरा असेलच असे नाही. त्यांना नदीचे गढूळ पाणी वाळूतून गाळून घ्यावे लागणार. मग गाळणीचे टाके केवढे बांधायचे? लहान बांधले तर गाव तहानलेले राहील, मोठे बांधले तर पैसा वाया जाईल. उत्तरासाठी वाळूतून पाणी कसे उतरते याचा नियमच हाती हवा होता, आणि तो कोणाजवळ नव्हता.

नळाची उंची साडेतीन मीटर, आतील व्यास 35 सेंटिमीटर. तळाशी जाळी, जाळीवर सोन नदीची वाळू. वरून शहराच्या नळाचे पाणी सोडायचे, खालून गळणारे पाणी मोजपात्रात धरायचे. वर आणि खाली दाब मोजण्यासाठी पाऱ्याच्या नळ्या. बरोबर शार्ल रित्तेर नावाचा तरुण इंजिनियर. 1855 च्या ऑक्टोबरच्या शेवटच्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या दिवसांत हे प्रयोग झाले. अडचण अशी येई की इस्पितळात कोणी तोटी उघडली वा बंद केली की पाण्याचा दाब हेलकावे खाई आणि नळ्यांतला पारा नाचू लागे. इस्पितळ चालू होते. रोग्यांना पाणी नको म्हणून कसे सांगणार? पारा नाचला तर सरासरी घ्यायची आणि पुढचे माप मोजायचे. गावात डार्सीनेच आणलेले पाणी असे त्याच्याच प्रयोगात खोड्या काढीत होते. पुढे 1856 च्या फेब्रुवारीत रित्तेरने आणखी एक मालिका केली; तीत वाळूच्या खालच्या बाजूचा दाबही बदलून पाहिला.

निष्कर्ष अगदी सोपा निघाला. वाळूच्या वरच्या आणि खालच्या टोकांशी असलेल्या पाण्याच्या पातळीत जितका फरक, तितक्या प्रमाणात पाणी वाहते. फरक दुप्पट केला की प्रवाह दुप्पट. वाळूच्या थराची जाडी दुप्पट केली की प्रवाह निम्मा. थराचे क्षेत्रफळ वाढवले की त्याच प्रमाणात पाणी अधिक. आणि शेवटी वाळूच्या स्वतःच्या गुणाचा एक आकडा : भरड वाळूचा मोठा, बारीक वाळूचा लहान. झाले. एवढाच तो डार्सीचा नियम. 1856 साली दिजाँच्या सार्वजनिक पाणीपुरवठ्यावरील सहाशेहून अधिक पृष्ठांच्या ग्रंथात, अगदी शेवटच्या भागात, एका टिपणाच्या रूपाने तो छापला गेला. त्या ग्रंथातील पाटाचे आणि टाक्यांचे तपशील आज इतिहासाचे अभ्यासक वाचतात. ते परिशिष्टातले टिपण मात्र सारे जग वापरते. लेखकाला आपल्या पुस्तकातले कोणते पान टिकेल हे कळत नाही ते असे.

उघड्या कालव्यातील प्रवाहावरही त्याने प्रयोग आरंभले होते. ते पुरे करायला तो उरला नाही. त्याचा सहायक हेन्री बाझँ याने ते तडीस नेले. 3 जानेवारी 1858 रोजी पॅरिसमध्ये न्युमोनियाने डार्सीचा मृत्यू झाला. त्याचा देह रेल्वेने, ज्या मार्गासाठी तो झटला होता त्याच मार्गाने, ब्लेझीच्या बोगद्यातून दिजाँला आणला. गाव लोटले होते. टाक्याजवळच्या चौकाला लगोलग त्याचे नाव दिले गेले.

एरवी अशा लेखात चरित्रनायक वारला की लेखणी खाली ठेवतात. पण डार्सीची खरी कीर्ती मृत्यूनंतरची आहे, आणि तिचे कारण जमिनीखाली आहे.

आपल्या पायांखालचा वालुकाश्म म्हणजे काय? कोणे एके काळी नदीने वा समुद्राने आणून टाकलेली वाळू, वर ओझे येऊन दबलेली आणि खनिजांच्या चिकणाईने सांधली गेलेली. पण कण कणाला कितीही घट्ट बसला तरी मध्ये पोकळ्या राहतातच. म्हणजे डार्सीच्या नळात जी वाळू होती तीच येथे शेकडो मैल पसरलेली आहे. पाणी, तेल, नैसर्गिक वायू हे सारे अशा गाळाच्या खडकांच्या पोकळ्यांत असते. पाताळातल्या तळ्यात असते ही समजूत खोटी. ते किती सहज हलेल हे सांगणारा आकडा हवा होता. 1933 साली अमेरिकेतील पेट्रोलियम संशोधकांनी त्या मापाला नावच डार्सी असे दिले. आज खडकाचा नमुना प्रयोगशाळेत आला की तो किती मिलिडार्सीचा हे पहिल्यांदा विचारतात. 1940 साली किंग हबर्ट या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने या नियमामागचे भौतिक कारण नीट उलगडून दाखवले. जमिनीखालचे पाणी नुसते अधिक दाबाकडून कमी दाबाकडे जाते असे नसून उंची आणि दाब या दोहोंनी मिळून ठरणाऱ्या अधिक ऊर्जेच्या जागेकडून कमी ऊर्जेच्या जागेकडे जाते, हे त्याने सिद्ध केले. वाळूच्या नळावरचा एक अनुभवसिद्ध हिशेब अशा रीतीने भूशास्त्राचा पाया झाला.

आणि आता ऊर्जेची साठवण. मला सर्वांत नवल वाटले ते याचे. उन्हाळ्यात वायू कमी जळतो, हिवाळ्यात युरोपातील घरे तापवायला फार लागतो. उन्हाळ्यातला जादा वायू कोठे ठेवावा? पोलादी टाक्या किती बांधणार? भूशास्त्रज्ञांनी सुचवले की खडकातच ठेवा. जमिनीखाली घुमटासारखा उंचावलेला वालुकाश्माचा थर शोधायचा. त्यावर मातीच्या खडकाचे झाकण हवे. मातीतही पोकळ्या असतात, पण इतक्या बारीक की त्यांतून वायू जवळजवळ सरकत नाही. मग विहिरीतून वायू दाबाने आत घालायचा. तो वालुकाश्मातले पाणी खाली आणि बाजूला रेटतो आणि घुमटाखाली जमा होतो. हिवाळ्यात विहीर उघडली की दाब उतरतो, पाणी परत वर सरकते आणि वायू बाहेर येतो. तो आत किती वेगाने घालता येईल, पाणी किती वेगाने हटेल, हे सगळे हिशेब डार्सीच्या नियमाने करतात. झाकण फुटेल इतका दाब घातला तर सारा खेळ संपला. म्हणून हा हिशेब चुकवून चालत नाही.

पॅरिसजवळ बेन या गावी भूजल असलेल्या वालुकाश्मात वायू साठवण्याचे काम सुरू झाले ते 1956 साली. डार्सीचे टिपण छापले गेल्याला त्या वर्षी बरोबर शंभर वर्षे झाली होती. तेथे आरंभी साठवला तो कोळशापासून केलेला, शहरात जाळायचा वायू. त्यात निम्म्याच्या आसपास हायड्रोजन असे. पुढे 1970 नंतरच्या दशकात त्याची जागा नैसर्गिक वायूने घेतली. आज वाऱ्यापासून आणि उन्हापासून मिळणारी वीज जादा होईल तेव्हा तिच्यापासून हायड्रोजन करून तो वालुकाश्मात ठेवावा, किंवा उन्हाळ्याची उष्णता गरम पाण्याच्या रूपाने भूजलाच्या थरात ठेवून हिवाळ्यात काढावी, असे संशोधन विद्यापीठांतून जोरात चालू आहे. त्या शोधनिबंधांतही सुरुवातीच्या एक-दोन पानांत इस्पितळाच्या आवारातला तो नळ सूत्राच्या रूपाने उभा असतो.

आपल्या महाराष्ट्राचा बराचसा भाग काळ्या कातळाचा, बेसॉल्टचा. त्यात कणांमधली पोकळी जवळजवळ नाही. पाणी असते ते भेगांत आणि कुजलेल्या खडकात. म्हणून एकाच गावात एकाच्या विहिरीला पाणी आणि शेजारच्याची कोरडी, असे होते. डार्सीचा नियम येथे सरसकट लावता येत नाही, जपून लावावा लागतो. विदर्भात मात्र, चंद्रपूरच्या बाजूला, कामठी वालुकाश्माचे थर आहेत आणि ते उत्तम पाणी धरतात. तिकडच्या मित्रांनी आपल्या विहिरीत डोकावताना दिजाँच्या त्या नळाची आठवण काढायला हरकत नाही.

1956 साली दिजाँमध्ये डार्सीच्या नावाने जलशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. ज्या टाक्यात 1840 च्या सप्टेंबरात रोझ्वारचे पाणी पडले त्याभोवती गावाने एकोणिसाव्या शतकातच बाग केली होती. बागेला नाव डार्सीचे. तेथे दगडात घडवलेले एक मोठे पांढरे अस्वल आहे. फ्रांस्वा पोंपों या शिल्पकाराच्या अस्वलाची ती प्रतिकृती. पोरेसोरे त्या अस्वलाभोवती खेळतात आणि त्याच्यापाशी उभे राहून फोटो काढून घेतात.